बबेसियामुळे किडनी बंद पडली तर: रक्तशुद्धीचं यंत्र काय काढतं आणि काय नाही

प्रश्न एका पशुवैद्यांचा आहे. पाच वर्षांची, १८ किलोची कुत्री. काचपट्टीवर लाल पेशींत बबेसिया या रक्तातल्या परजीवीचे लहान आकार दिसले आणि पीसीआर या जनुकीय तपासणीने त्याची बबेसिया गिब्सोनी ही प्रजात नक्की झाली. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) १८ टक्के, प्लेटलेट २५ हजार, क्रिएटिनिन ८.६, बीयूएन (रक्तातल्या युरियामधला नायट्रोजन) २४०, पोटॅशियम ६.४. सलाईनने पाण्याची तूट भरून काढल्यावरही चोवीस तासांत लघवी जेमतेम १०० मि.ली. त्यांनी विचारलंय: डायलिसिस करावं की प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा रक्तातला द्रव) बदलावा? रक्त गाळल्याने परजीवीही निघतील का? निघत असतील तर औषध पुढे ढकलता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. परजीवी निघत नाहीत. औषध एक दिवसही पुढे ढकलू नका.

कारण आकारात आहे. युरियाचा रेणू ६० डाल्टनचा, क्रिएटिनिनचा ११३. साध्या डायलायझरच्या, म्हणजे डायलिसिसच्या फिल्टरच्या, पडद्यातून एवढेच छोटे रेणू सहज जातात. हाय-फ्लक्स पडदा घेतला तरी पंधरा-वीस हजार डाल्टनच्या पुढे तो फारसं काही सोडत नाही. प्लाझ्मा फिल्टरची छिद्रं मोठी असतात, साधारण ०.२ ते ०.६ मायक्रॉन. त्यातून अल्ब्युमिन, प्रतिपिंडं, फुटलेल्या पेशींतलं मोकळं हिमोग्लोबिन असं सगळं बाहेर येतं. गिब्सोनी मात्र १ ते २.५ मायक्रॉनचा आणि तो ७ मायक्रॉनच्या लाल पेशीच्या आत बसलेला. ती पेशी फिल्टरमधून जशी गेली तशीच, परजीवीसकट, कुत्रीच्या अंगात परत येते. लेशमॅनिया या दुसऱ्या परजीवीचं तर याहून अवघड. तो मज्जेतल्या, प्लीहेतल्या, लिम्फ गाठींतल्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींत) राहतो. रक्तात सापडतोच कमी, मग गाळणार काय?

लाल पेशीच बदलून टाकण्याचा मार्ग माणसांच्या गंभीर बबेसियोसिसमध्ये वापरतात. दहा टक्क्यांहून जास्त पेशी बाधित असतील तर त्याचा विचार होतो. कुत्र्यात हा हिशेब सरळ लागू पडत नाही. बबेसिया कॅनिसमध्ये एक टक्का पेशीही बाधित नसताना कुत्रा शॉकमध्ये गेलेला असू शकतो. तिथे मारते ती शरीराची दाहक प्रतिक्रिया, निव्वळ परजीवींची संख्या नव्हे. म्हणून यंत्र निवडताना "परजीवी कसा काढू" असं विचारू नका. आत्ता या घटकेला कोणता रेणू जीव घेतोय, ते विचारा.

या कुत्रीत तो रेणू युरियाच्या गटातला आहे, आणि सोबत पोटॅशियम. लघवी तासाला किलोमागे ०.२५ मि.ली.सुद्धा भरत नाही. त्यामुळे उत्तर डायलिसिस. प्लाझ्मा बदलाने युरिया, पोटॅशियम नगण्य निघतात. प्लाझ्मा बदल कधी? कूम्ब्स चाचणी (लाल पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं शोधणारी) पॉझिटिव्ह आहे, स्फेरोसाइट (गोळ्यासारख्या झालेल्या लाल पेशी) दिसताहेत, परजीवीचं औषध चालू असूनही हिमॅटोक्रिट दर दिवशी घसरतोय, चढवलेलं रक्त टिकत नाही, बिलिरुबिन वाढतच चाललंय, असं चित्र असेल तेव्हा. दोन्ही चित्रं एकत्र असतील तर आधी डायलिसिस आणि दुसऱ्या दिवशी प्लाझ्मा बदल, असा क्रम मला योग्य वाटतो. पोटॅशियम थांबत नाही, प्रतिपिंडं एक दिवस थांबतात.

रिपोर्ट वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, युरिया आणि बीयूएन एकच नव्हेत. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. खालचे सगळे आकडे बीयूएनचे आहेत. प्रयोगशाळेने युरिया दिला असेल आणि तुम्ही तो बीयूएन समजलात, तर सत्राचं गणित दुपटीने चुकेल. दुसरी, बबेसियात लाल पेशी फुटत असताना बीयूएन क्रिएटिनिनच्या मानाने जास्त चढतो, त्यामुळे एकट्या बीयूएनवरून किडनी गेली असं ठरवू नका. उलट बाजूने, सीरम पिवळंजर्द असेल तर जाफे या रंगावर आधारलेल्या पद्धतीने मोजलेलं क्रिएटिनिन खऱ्याहून कमी दिसू शकतं. अशा वेळी एन्झाइम पद्धतीने पुन्हा मोजून घ्या आणि सर्वांत जास्त विश्वास मोजलेल्या लघवीवर ठेवा.

आता तयारी. उजवी जुग्युलर (मानेतली मोठी) शीर आजपासून राखून ठेवा. रक्ताचे नमुने पायातून घ्या, मानेतून नाही. १८ किलोच्या कुत्रीला ११.५ ते १२ फ्रेंचचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) दुहेरी नळीचा डायलिसिस कॅथेटर बसतो. १० किलोखालच्या कुत्र्याला ७ ते ८ फ्रेंच. टोक उजव्या कर्णिकेच्या तोंडाशी यावं आणि ते एक्स-रेवर पाहिल्याशिवाय यंत्र जोडू नये. प्लेटलेट २५ हजार असताना शीर उघडी पाडण्यापेक्षा सेल्डिंगर पद्धतीने तारेवरून कॅथेटर सरकवणं बरं. छेद लहान राहतो आणि दाबपट्टी नीट बसते. कॅथेटर चांगला बसलाय की नाही हे ओळखायची सोपी खूण: २० मि.ली.ची सिरिंज लावून झपकन ओढा. रक्त एकसंध, न अडखळता यायला हवं. मान एका विशिष्ट कोनातच धरली तर येत असेल, तर सत्राच्या मध्यात प्रवाहाचा अलार्म वाजणारच. तेव्हाच जागा सुधारून घ्या.

नंतर सर्किटचं, म्हणजे शरीराबाहेर रक्त फिरतं त्या नळ्या आणि डायलायझरचं, माप. कुत्र्याचं रक्त किलोमागे सुमारे ८५ मि.ली. धरा, म्हणजे इथे १५३० मि.ली. सर्किटमध्ये एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे १५० मि.ली.हून जास्त रक्त असू नये. मोठ्या माणसाच्या नळ्या आणि डायलायझर मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात. मुलांसाठीच्या नळ्या आणि ०.४ ते ०.८ चौरस मीटरचा डायलायझर घ्या. पण या कुत्रीचा हिमॅटोक्रिटच १८ आहे. सर्किट सलाईनने भरून सुरुवात केली की तो पहिल्या दहा मिनिटांतच आणखी दीड-दोन टक्क्यांनी खाली येईल आणि रक्तदाब पडेल. म्हणून आधी रक्त चढवून हिमॅटोक्रिट २५ च्या आसपास आणा. पॅक्ड सेल किलोमागे १ ते १.५ मि.ली. दिल्या की हिमॅटोक्रिट एका टक्क्याने वाढतो. सात टक्क्यांसाठी १२६ ते १९० मि.ली. लागतील. डीईए १ हा कुत्र्यांचा रक्तगट पाहा, क्रॉसमॅच करा (दोन्ही रक्तं जुळतात का ते तपासा). दात्याची बबेसिया, एर्लिकिया आणि लेशमॅनियासाठी पीसीआर तपासणी झालेली नसेल तर ते रक्त वापरू नका. दिसायला ठणठणीत कुत्राही वाहक असतो. आणखी एक: बहुतेक कुत्र्यांच्या लाल पेशींत पोटॅशियम कमी असतं, पण अकिता, शिबा अशा जपानी जातींच्या अनेक कुत्र्यांत ते जास्त असतं. पोटॅशियम आधीच ६.४ असलेल्या कुत्रीला असल्या दात्याचं साठवलेलं रक्त देऊ नये.

पाण्याची तपासणी इथे नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाची. डायलिसिसच्या पाण्यात क्लोरामाइन राहिलं तर लाल पेशी फुटतात. निरोगी पेशी असलेल्या कुत्र्यात हे लगेच लक्षात येतं. बबेसियाच्या कुत्र्यात मात्र "रोगच वाढतोय" असा समज होतो आणि दोष भलत्यावरच जातो. प्रत्येक सत्राआधी कार्बन टाकीनंतरच्या पाण्यातलं एकूण क्लोरीन मोजा. ते लिटरला ०.१ मि.ग्रॅ.च्या आत असलं पाहिजे.

सर्वांत जास्त जपायचं ते पहिलं सत्र. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी बीयूएन २४० वरून ६० वर आणलेला कुत्रा त्या रात्री झटके येऊन दगावू शकतो. रक्तातला युरिया झपाट्याने उतरतो, मेंदूतला मागे राहतो आणि पाणी मेंदूत शिरतं. बीयूएन २०० ते ३०० असेल तर पहिल्या सत्रात तो ३० ते ५० टक्केच उतरवायचा, आणि तासाला १० टक्क्यांहून जास्त नाही. ३०० च्या वर असेल तर एकूण ३० टक्क्यांच्या आत, तासाला ५ ते ७ टक्के. इथे ४० टक्क्यांचं लक्ष्य ठेवू: २४० वरून सुमारे १४५, साडेपाच तासांत.

त्याचं गणित असं. शरीरातलं पाणी वजनाच्या ६० टक्के, म्हणजे १०.८ लिटर. ४० टक्के घट म्हणजे त्यातलं सुमारे साडेपाच लिटर युरियापासून साफ करायचं. इतक्या कमी वेगाला डायलायझर येणाऱ्या रक्तातला नव्वद टक्क्यांहून जास्त युरिया काढतो. म्हणजे एकूण सहा लिटर रक्त फिरवायचं. ३३० मिनिटांत सहा लिटर म्हणजे मिनिटाला १८ मि.ली., किलोमागे एक मि.ली. प्रवाह इतका संथ ठेवला की सर्किटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यावर उपाय म्हणजे रक्ताचा प्रवाह मिनिटाला ५० ते ६० मि.ली. ठेवायचा आणि डायलिसेट (पडद्याच्या पलीकडून वाहणारा द्रव) अधूनमधून बायपासवर टाकायचं, म्हणजे डायलायझरला वळसा घालून जाऊ द्यायचं, किंवा त्याचा प्रवाह खूप कमी करायचा. रक्त फिरत राहतं, युरिया हळू उतरतो. दर तासाला बीयूएन मोजा; हिशेबाच्या पुढे पळाला तर बायपासची वेळ वाढवा.

डायलिसेटमधलं सोडियम हा फार वेळा राहून जाणारा मुद्दा. माणसासाठी यंत्र १३८-१४० वर लावलेलं असतं. कुत्र्याचं सोडियम मुळात १४५ ते १५० च्या घरात असतं. यंत्र तसंच ठेवलं तर सोडियमही उतरतं आणि मेंदूच्या सुजेत भरच पडते. सुरुवातीला १५० ते १५५ ठेवा, शेवटच्या टप्प्यात कुत्रीच्या स्वतःच्या पातळीकडे आणा. तापमान ३८ च्या आसपास. लहान कुत्र्यांची उष्णता नळ्यांतूनच निघून जाते. अस्वस्थपणा, उलटी, थरथर, दिसेनासं झाल्यासारखी नजर ही धोक्याची लक्षणं. सत्र संपल्यावर पुढचे २४ तासही ती येऊ शकतात. लगेच डायलिसिस थांबवून मॅनिटॉल किलोमागे ०.५ ग्रॅम शिरेतून सावकाश द्यायचं. लघवी बंद असलेल्या कुत्र्यात हे मॅनिटॉल पुढच्या सत्रापर्यंत शरीरातच राहतं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा देऊ नये.

गुठळी रोखण्यासाठी एरवी हेपरिन किलोमागे २५ ते ५० युनिट एकदम आणि मग तासाला किलोमागे १० ते ५० युनिट देतात, आणि एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) सुरुवातीच्या दीड ते दोन पटीत ठेवतात. प्लेटलेट २५ हजार असताना आणि कॅथेटरची जखम ताजी असताना मी हेपरिनचा पहिला डोस देणार नाही. दर वीस मिनिटांनी २५ मि.ली. सलाईनने सर्किट धुवायचं. हे पाणी कुत्रीच्या अंगात जातं, हे विसरू नका: साडेपाच तासांत सुमारे ४१० मि.ली. तेवढं अल्ट्राफिल्ट्रेशनने (यंत्राने पडद्यातून पाणी ओढून) काढायलाच हवं, आणि ते तासाला किलोमागे चार मि.ली.च्या जरा वर जातं. रक्तदाब स्थिर असेल तर चालण्यासारखं आहे. सिस्टोलिक (वरचा) दाब ९० च्या खाली आला तर काढणं थांबवा. दुसरा मार्ग सायट्रेटचा; ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि रक्त गोठत नाही. सर्किटमधलं आयनित कॅल्शियम लिटरला ०.४ मिलिमोलच्या खाली ठेवायचं आणि कुत्रीला वेगळ्या शिरेतून कॅल्शियम द्यायचं. पण यकृत सुजलेलं असेल तर सायट्रेट साचतं. एकूण कॅल्शियम भागिले आयनित कॅल्शियम हे गुणोत्तर, दोन्ही एकाच एककात, २.५ च्या पुढे गेलं तर सायट्रेट थांबवा.

यंत्राचा "रक्तगळती" अलार्म वाजला तर घाबरून सर्किट फेकू नका, दुर्लक्षही करू नका. बाहेर पडणारा द्रव सेंट्रिफ्यूज करा. तळाशी लाल पेशी बसल्या तर पडदा फाटलाय. पेशी नाहीत आणि सगळा द्रव एकसारखा गुलाबी, तर फुटलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन झिरपतंय.

औषधांकडे वळू. गिब्सोनीसाठी अ‍ॅटोव्हाक्वोन किलोमागे १३.३ मि.ग्रॅ. दर आठ तासांनी, स्निग्ध अन्नासोबत, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन किलोमागे १० मि.ग्रॅ. दिवसातून एकदा, दहा दिवस. युरेमियातली कुत्री उलट्या करत असते आणि अ‍ॅटोव्हाक्वोन अन्नाशिवाय शोषलं जात नाही. उपचार फसण्याचं हे साधं कारण आहे. उलटी थांबवणारं मॅरोपिटंट किलोमागे १ मि.ग्रॅ. द्या आणि खाण्यासाठी नळी घाला. अन्ननलिकेची नळी घालायची तर मानेच्या डाव्या बाजूने, म्हणजे उजवीकडचा कॅथेटर सुरक्षित राहतो. प्लेटलेट इतक्या कमी असताना मात्र नाकातली बारीक नळीही बेतानेच घालावी लागते. इमिडोकार्ब गिब्सोनीवर नीट चालत नाही, आणि जास्त डोसात किडनीलाच अपाय करतं. प्रजात न ओळखता "गोचीड तापाचं इंजेक्शन" म्हणून ते टोचणं या कुत्रीत दुहेरी नुकसानीचं ठरेल.

रोजची औषधं शक्यतो सत्र संपल्यावर द्यावीत. अमॉक्सिसिलिन, सेफाझोलिन डायलिसिसमध्ये निघून जातात. अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन फारशी निघत नाहीत. प्लाझ्मा बदल करणार असाल तर यादी उलटते: प्रथिनांना चिकटणारी औषधं, म्हणजे अ‍ॅटोव्हाक्वोनसारखी, प्लाझ्मासोबत जाऊ शकतात.

प्लाझ्मा बदलाचा हिशेब याच कुत्रीवर करून दाखवतो, पुढे लागलाच तर असावा. प्लाझ्मा म्हणजे एकूण रक्त गुणिले लाल पेशी वगळून उरलेला भाग. हिमॅटोक्रिट २५ वर आणल्यावर १५३० × ०.७५ = सुमारे ११५० मि.ली. एक पट बदलला तर ६३ टक्के, दीड पट बदलला तर ७८ टक्के, दोन पट बदलला तर ८६ टक्के जुना प्लाझ्मा निघतो. दीड पटीच्या पुढे मेहनतीच्या मानाने फायदा घटत जातो, म्हणून तिथेच थांबावं: १७२५ मि.ली. रक्ताचा प्रवाह ६० असेल तर प्लाझ्माचा ४५, आणि त्यातला चौथा हिस्साच काढायचा, म्हणजे मिनिटाला ११ मि.ली. अडीच तासांहून थोडं जास्त लागेल. याहून जास्त ओढलं तर फिल्टरमध्ये रक्त घट्ट होतं, दाब चढतो आणि लाल पेशी फिल्टरमध्येच फुटतात. प्रतिपिंडांचा मोठा भाग रक्ताबाहेरच्या द्रवात असतो आणि एक-दोन दिवसांत तो परत रक्तात येतो. म्हणून एका सत्रावर निकाल ठरवू नका, एका आड एक दिवस किमान तीन करा. बदली द्रवात कुत्र्याचा ताजा गोठवलेला प्लाझ्मा हवा, निदान शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, नाहीतर रक्त गोठवणारे घटक धुऊन जातात. माणसाचा अल्ब्युमिन कुत्र्याला दिल्यास तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, काही वेळा आठवड्या-दोन आठवड्यांनीही. दुसरा मार्ग असेल तर तो टाळावा.

लेशमॅनियासाठी हीच पद्धत विचारली जाते, त्याबद्दल थोडक्यात. तिथे ग्लोब्युलिन इतकं चढतं की रक्त घट्ट होतं, नाकातून रक्त येतं, डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव होतो. या दाट रक्तासाठी प्लाझ्मा बदल खरोखर उपयोगी आहे आणि फरक त्याच दिवशी दिसतो. पण अ‍ॅलोप्युरिनॉल आणि सोबतचं औषध चालू नसेल तर ग्लोब्युलिन पुन्हा चढणारच. या कुत्र्यांना लघवीतल्या प्रथिनांसाठी बेनाझेप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असतं. प्लाझ्मा बदलाआधी ते किमान ४८ तास बंद ठेवा, कारण सर्किटमध्ये तयार होणारं ब्रॅडिकिनिन या औषधांमुळे मोडत नाही आणि रक्तदाब अचानक कोसळतो. लेशमॅनियाने महिनोन्‌महिने झिजवलेली किडनी मात्र डायलिसिसने परत येत नाही, हे मालकाला आधीच स्पष्ट सांगा. हार्टवर्मचा (हृदयातल्या कृमीचा) प्रश्न तर गाळण्याचा नाहीच. प्रौढ मादी २५ ते ३० सें.मी. लांब असते, कॅव्हल सिंड्रोममध्ये (कृमी हृदयाच्या तोंडाशी अडकतात तेव्हा) ती जुग्युलरमधून चिमट्यानेच ओढून काढावी लागते.

या कुत्रीकडे परत. पहिल्या तीन दिवसांत रोज एक सत्र, मग एका आड एक. दुसऱ्या सत्रात ६० ते ७० टक्के घट चालते, तिसऱ्यापासून ८० पर्यंत. वजन दिवसातून तीनदा करा. लघवी बंद असताना वजन वाढलं तर ते पाणीच. बबेसियातली किडनीची इजा बहुधा किडनीतल्याच बारीक नळ्यांची असते आणि ती दोन ते चार आठवड्यांत भरून येऊ शकते. डायलिसिसवर गेलेल्या तीव्र किडनी-निकामीच्या कुत्र्यांपैकी साधारण निम्मी वाचतात. मालकाशी बोलताना हाच आकडा सांगावा, आणि दोन आठवड्यांची तयारी असेल तरच सुरुवात करावी. तीन दिवसांनी पैशांअभावी थांबवलेलं डायलिसिस कुत्रीच्या वाट्याला फक्त त्रास ठेवतं.

लघवी परतली की ती एकदम भरपूर येते, कधी तासाला किलोमागे ५ मि.ली.च्याही वर. तेव्हा सलाईन कमी करायची घाई नको, जेवढं बाहेर तेवढं आत. दोन सत्रांच्या मधल्या काळात क्रिएटिनिन चढायचं थांबलं की यंत्राची गरज संपली. आणखी दोन दिवस कॅथेटर ठेवा आणि मग काढा. गुठळी होऊ नये म्हणून कॅथेटरमध्ये भरून ठेवलेलं हेपरिन आत न ढकलता ओढून घ्यायचं आणि जागेवर पंधरा मिनिटं हाताने दाब द्यायचा. परजीवीचा निकाल वेगळा लावायचा: औषध संपल्यावर ६० आणि ९० दिवसांनी पीसीआर, दोन्ही निगेटिव्ह आले तरच.